कोझिकोडची खोली, पंचायतीची सिस्टर

संस्थेचा इतिहास लिहायचा तर आधी संस्थापक येतात, मग इमारत, मग देणगीदार, आणि अगदी शेवटी ‘कर्मचारी वर्गाचे मोलाचे सहकार्य लाभले’ अशी एक ओळ. परिचारिका असतात त्या शेवटच्या ओळीत. ही स्मरणिका परिचारिकांच्या हाती जाणार आहे. म्हणून कोझिकोडच्या ‘पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी’चा आणि तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ पॅलिएटिव्ह मेडिसिन’चा इतिहास इथे दुसऱ्या टोकाकडून सांगतो. डॉक्टर त्यात येतीलच, त्यांच्याशिवाय ही गोष्ट सुरूच होत नाही. पण ज्या कामासाठी जगभरातली माणसं कोझिकोडला येतात, ते घरोघर जाऊन करायचं काम मुख्यतः सिस्टरांनी केलं आहे. त्या कामासाठी सिस्टर तयार कशी करायची, हे या संस्थेला स्वतःच शोधून काढावं लागलं.

सुरुवात १९९३ची. कोझिकोडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात भूलशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. एम. आर. राजगोपाल, त्यांचे सहकारी डॉ. सुरेश कुमार आणि अशोक कुमार हे कार्यकर्ते अशा तिघांनी सोसायटी स्थापन केली आणि महाविद्यालयातल्याच एका लहानशा खोलीत बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. सरकारी रुग्णालयात खोली मिळणं हीच त्या काळी मोठी गोष्ट होती. खाटा नव्हत्या, वॉर्ड नव्हता. येणारा रुग्ण बहुधा कर्करोगाचा असे. केमोथेरपी, रेडिएशन सगळं होऊन ‘आता घरी घेऊन जा’ असं सांगितलेला. मलबारच्या खेड्यांतून जीप किंवा बसने माणसं त्याला घेऊन येत, कारण घरी नेल्यावर करायचं काय, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसे.

भूलतज्ज्ञाला वेदना थांबवता येते. मज्जातंतू बधिर करायचं इंजेक्शन दिलं की दुखणं जातं. राजगोपाल यांनी अनेकदा जाहीरपणे सांगितलेली एक घटना या संस्थेच्या जन्माशी जोडलेली आहे. कर्करोगाच्या वेदनेने हैराण झालेले एक प्राध्यापक त्यांच्याकडे आले. इंजेक्शन दिलं, दुखणं थांबलं. ‘पुन्हा कधी येऊ?’ असं त्यांनी विचारलं. पुन्हा यायची गरज नाही, असं डॉक्टरांनी समाधानाने सांगितलं. प्राध्यापक घरी गेले आणि त्यांनी आत्महत्या केली. आपला आजार बरा होणारा नाही, हे तोवर त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. ‘पुन्हा येऊ नका’ या शब्दांतून त्यांना ते कळलं. सुईचं काम चोख झालं होतं. त्या सुईच्या आधी आणि नंतर माणसाशी बोलणं, त्याला काय ठाऊक आहे ते चाचपणं, घरी त्याचं कोण आहे ते विचारणं, हे सगळं राहून गेलं होतं. हे काम डॉक्टरने करू नये असं नाही. पण रुग्णालयात ज्याच्यापाशी दिवसभर थांबायला वेळ आणि कारण दोन्ही असतं, ते माणूस म्हणजे परिचारिका.

कोझिकोडला ही वाट दाखवणाऱ्यांत एक परिचारिकाच होत्या. गिली बर्न या ब्रिटिश नर्सने १९९०च्या सुमारास ‘कॅन्सर रिलीफ इंडिया’ ही संस्था सुरू केली होती. त्या भारतभर हिंडून डॉक्टरांना आणि परिचारिकांना वेदनाशमन शिकवत होत्या. त्यांच्या शिकवण्याचा ठसा राजगोपाल यांच्यावर उमटला. पुढे ऑक्सफर्डला जाऊन त्यांनी या विषयाचं शिक्षण घेतलं, आणि तिथले डॉ. रॉबर्ट ट्वायक्रॉस शिकवायला कितीतरी वेळा भारतात आले. मागे जायचं तर या साऱ्या विचाराचं मूळ लंडनच्या सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिसमध्ये आहे. १९६७मध्ये ते उभारणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, मग वैद्यकीय समाजसेविका झाल्या, आणि मरणासन्न माणसाच्या वेदनेबद्दल डॉक्टरांनी आपलं ऐकावं म्हणून चाळिशीच्या उंबरठ्यावर डॉक्टर झाल्या. परिचारिकेचं म्हणणं कानावर जावं म्हणून तिला एमबीबीएस व्हावं लागलं, यात कौतुकाइतकीच खेदाचीही बाब आहे.

खोली मिळाली, माणसं मिळाली. औषध मात्र मिळत नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी पायऱ्यापायऱ्यांची पद्धत सांगितली होती. वरच्या पायरीवर होतं मॉर्फिन, तोंडाने घ्यायचं, स्वस्त आणि खात्रीचं. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९८५मध्ये, आपल्याकडे अंमली पदार्थांचा कायदा आला होता. त्याच्या धाकाने रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच बंद केलं. चार-पाच परवाने, तेही वेगवेगळ्या खात्यांचे, आणि सगळे एकाच वेळी चालू असायला हवेत. एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हातात पडत नसे. परिणाम असा, की अफू पिकवून जगाला पुरवणाऱ्या या देशात औषधी मॉर्फिनचा वापर बारा वर्षांत सुमारे ९७ टक्क्यांनी घटला आणि १९९७मध्ये अवघ्या १८ किलोवर आला. अख्ख्या देशासाठी १८ किलो.

कोझिकोडच्या मंडळींनी इथे दोन आघाड्यांवर काम केलं. एक दिल्लीतली आणि तिरुवनंतपुरममधली, कागदपत्रांची. तिला १९९८च्या सुधारित नमुना नियमांपासून २०१४च्या कायदा दुरुस्तीपर्यंत वेळ लागला. दुसरी आघाडी रोजच्या कामाची. मॉर्फिनच्या गोळ्या घरी दिल्या तर त्या नशेबाजांच्या हाती पडतील, अशी भीती सगळ्यांनाच होती. मग हिशेब ठेवायचा, किती दिल्या, किती उरल्या, रुग्ण गेल्यावर शिल्लक गोळ्यांचं काय झालं. २००१मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात कोझिकोडच्या अनुभवाचा अहवाल आला. दोन वर्षांत १७२३ रुग्णांना घरी घेण्यासाठी मॉर्फिन दिलं होतं आणि गैरवापराचं एकही प्रकरण आढळलं नव्हतं. देशभर परवान्यांसाठी भांडणाऱ्यांना हा आकडा पुढे फार उपयोगी पडला. असा आकडा सभागृहात बसून मिळत नाही. तो रोजच्या नोंदवहीतून येतो, आणि नोंदवही कोण लिहितं हे वॉर्डात काम केलेल्यांना सांगायला नको.

आता प्रशिक्षणाकडे. या संस्थेची खरी कमाई तिथे आहे.

आपल्याकडची जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेली मुलगी बऱ्याच गोष्टी शिकून आलेली असते. सलाईन लावणं, कॅथेटर घालणं, ड्रेसिंग, औषधांच्या वेळा. कोझिकोडच्या लक्षात आलं, की यातलं बरंचसं पुन्हा वेगळ्या पद्धतीने शिकवावं लागतंय. साधी गोष्ट घ्या. वॉर्डात वेदनाशामकापुढे ‘एसओएस’ लिहिलेलं असतं. दुखलं तर द्या. रुग्ण विव्हळतो, नातेवाईक काउंटरवर येतो, सिस्टर म्हणते, आत्ताच तर दिलंय. कर्करोगाच्या वेदनेला हा हिशेब चालत नाही. मॉर्फिन घड्याळाप्रमाणे द्यायचं, दर चार तासांनी, दुखो वा न दुखो, कारण आधीच्या गोळीचा अंमल उतरायच्या आत पुढची पोटात गेली पाहिजे. झोपताना दुप्पट द्यायची, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. मधेच कळ आली तर जादा डोस वेगळा, आणि असे जादा डोस दिवसात किती लागले ते लिहून ठेवायचं, म्हणजे उद्याचा नियमित डोस किती वाढवायचा ते डॉक्टरला कळतं. मॉर्फिनसोबत पहिल्या दिवसापासून जुलाबाची गोळी सुरू करायची. हे विसरलं की आठवड्यात रुग्ण वेदनेपेक्षा बद्धकोष्ठाने बेजार होतो, आणि घरचे मॉर्फिनलाच दोष देऊन ते बंद करतात. यात अवघड काही नाही. पण नर्सिंगच्या तीन-चार वर्षांत ते कोणी नीट सांगितलेलं नसतं, आणि मॉर्फिन म्हटलं की श्वास थांबेल नाहीतर सवय लागेल, एवढंच डोक्यात बसलेलं असतं. प्रशिक्षणातला पहिला बराच वेळ ही भीती काढण्यातच जातो.

दुसरी गोष्ट जखमेची. भारतात तोंडाचा कर्करोग फार. तंबाखू, सुपारी, पान. गालाची गाठ फुटून बाहेर येते, तिला दुर्गंधी सुटते, आणि मग हळूहळू माणसं यायची थांबतात. रुग्णाची खाट मागच्या खोलीत जाते. तो स्वतःच तोंडावर फडकं धरून बसतो, नातवाला जवळ येऊ देत नाही. या जखमेवर रुग्णालयात महागडी ड्रेसिंग निघाली आहेत, पण ती मलबारच्या खेड्यात परवडणारी नाहीत. कोझिकोडला शिकलेली सिस्टर घरी जाऊन काय करते, ते पाहण्यासारखं आहे. आधी मिठाच्या पाण्याने जखम हलक्या हाताने धुते, खरवडत नाही, कारण खरवडलं की रक्त येतं. मग मेट्रोनिडाझोलच्या साध्या गोळ्या कुटून त्यांची पूड जखमेवर पसरते. दुर्गंधी येते ती हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंमुळे. ते या पुडीने मरतात आणि काही दिवसांत वास उतरतो. जखमेत अळ्या पडल्या असतील तर टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला गॉजचा बोळा जखमेच्या तोंडाशी धरते. अळ्या वर येतात, चिमट्याने एकेक काढायच्या. गॉज विकत आणायला पैसे नसतील तर घरातल्या जुन्या, स्वच्छ धुतलेल्या मुंडूचे, म्हणजे तिकडच्या लुंगीचे, तुकडे कापून डब्यात घालते आणि भाताच्याच प्रेशर कुकरमध्ये वाफवून निर्जंतुक करते. आणि हे सगळं करताना ती एकटी करत नाही. सून, मुलगी, बायको, जी कोणी असेल तिला शेजारी बसवते, पहिल्या दिवशी बघायला सांगते, दुसऱ्या खेपेला तिच्या हातून करून घेते. सिस्टर आठवड्यातून एकदा येणार, जखम रोज आहे. शिकवलं नाही तर उपयोग शून्य.

रुग्णालयातली परिचारिका आणि घरी जाणारी परिचारिका यांच्यात हा मोठा फरक आहे. वॉर्डात सिस्टर मालकीण असते. नातेवाइकांना बाहेर काढायचा अधिकार तिचा. दुसऱ्याच्या घरात ती पाहुणी असते. पाट कुठे आहे, पाणी कुठून घ्यायचं, चप्पल कुठे काढायची, इथपासून विचारावं लागतं. पुढे मग ज्याला आपण वॉर्डात ‘अटेंडंट’ म्हणतो आणि जो बहुतेक वेळा मधे मधे येतो, तोच इथे मुख्य परिचारक असतो. ही अदलाबदल पचवायला अनुभवी सिस्टरांना वेळ लागतो. नवख्या मुलींना कमी लागतो.

मग बोलणं. ‘त्यांना काही सांगू नका हं, सिस्टर’ हे वाक्य केरळात जितकं ऐकू येतं, तितकंच कोल्हापुरात, तितकंच नागपुरात. मुलगा दारातच गाठून हळू आवाजात सांगतो. आत गेलं की रुग्ण सिस्टरचा हात धरून विचारतो, ‘खरं सांगा, माझं काय आहे?’ दोघांनाही सगळं ठाऊक असतं आणि दोघेही एकमेकांपासून लपवत असतात. प्रशिक्षणात या प्रसंगाचा सराव करून घेतात. एकीने मुलगा व्हायचं, एकीने रुग्ण, एकीने सिस्टर. शिकवण्याचा गाभा असा, की खोटं बोलायचं नाही आणि अंगावर खरंही फेकायचं नाही. त्याला काय वाटतंय ते आधी विचारायचं. ‘तुम्हाला काय वाटतं, आजार कसा चाललाय?’ उत्तरात तो किती ऐकायला तयार आहे ते कळतं. मुलाला बाजूला घेऊन विचारायचं, तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते? वडील खचतील याची, की आपल्याला रडू येईल याची? गटात असा सराव करताना आधी हसू येतं, पण थोड्या वेळाने खोली गंभीर होते, कारण प्रत्येकीच्या घरात असा एक मृत्यू होऊन गेलेला असतो.

परिचारिकांसाठी दोन प्रकारचे अभ्यासक्रम रुळले. जीएनएम, बीएस्सी झालेल्यांसाठी साधारण दीड महिन्याचा पायाभूत अभ्यासक्रम, आणि सहायक परिचारिकांसाठी तीन महिन्यांचा. ज्यांचं मूळ शिक्षण कमी त्यांना वेळ जास्त, हा विचार मला शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडे उलटं असतं, एएनएमला दोन दिवसांची कार्यशाळा आणि एक फाइल. दोन्ही अभ्यासक्रमांत वर्गापेक्षा महत्त्व फिरतीला. सकाळी गाडी निघते, गाडीत सिस्टर, कधी डॉक्टर, एक-दोन कार्यकर्ते आणि शिकाऊ. पिशवीत बीपीचं यंत्र, ड्रेसिंगचं सामान, कॅथेटर, राईल्स ट्यूब, नेहमीची औषधं. दिवसभरात कितीतरी घरं. शिकाऊ मुलीला आधी नुसतं बसायला सांगतात. बसणं हे काम आहे, हे तिला पटेपर्यंत दोन-तीन दिवस जातात.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी एक पेच पुढे आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६मध्येच कोझिकोडच्या कामाला नमुना प्रकल्प म्हणून मान्यता दिली होती, नाव झालं होतं, गर्दी वाढत होती. पण खोलीपर्यंत येऊ शकणारेच येत होते. जो उठून बसू शकत नाही तो जीपमध्ये कसा बसणार? शेजारच्या मलप्पुरम जिल्ह्यात १९९९पासून वेगळा प्रयोग सुरू झाला, ‘नेबरहूड नेटवर्क इन पॅलिएटिव्ह केअर’ या नावाने. कल्पना अशी, की रुग्णाची काळजी ही त्याच्या गावाची जबाबदारी. गावातल्या माणसांनी आठवड्याला दोनेक तास द्यायचे, त्यांना १६ तासांचं प्रशिक्षण आणि चार दिवस फिरतीचा सराव. शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी, गृहिणी, आखातातून परतलेले. पैसाही गावातूनच, दुकानातल्या डब्यांतून, शाळांतून, लहान लहान देणग्यांतून. पक्ष आणि धर्म बाजूला ठेवून माणसं आली, आणि केरळात, त्यातही मलप्पुरममध्ये, पक्ष बाजूला ठेवणं म्हणजे काय हे तिथलं राजकारण जाणणाऱ्यांना कळेल.

या प्रयोगावर जगात भरपूर लिहिलं गेलं. बहुतेकांनी कार्यकर्त्यांचं कौतुक केलं आणि ते योग्यच आहे. पण कार्यकर्ता रुग्णाला भाजी आणून देतो, मुलांच्या फीचं बघतो, तासभर गप्पा मारतो. अडलेलं लघवीचं कॅथेटर तो बदलत नाही. कार्यकर्त्यांचं जाळं जिथे टिकलं, तिथे त्याच्या मध्यभागी प्रशिक्षित सिस्टर होती. जिथे नव्हती तिथे गाड्या फिरल्या, फोटो निघाले आणि रुग्णाच्या पाठीवरचा बेडसोर तसाच राहिला. या चळवळीवर झालेल्या टीकेत हा मुद्दा आहे, आणि संस्थेच्या इतिहासात तो लपवायचं कारण नाही. ठिकाणाठिकाणी दर्जा कमीजास्त राहिला.

केरळातच हे का जमलं, याची कारणं शोधायला फार लांब जायला नको. साक्षरता, वाचनालयांची आणि गावसंघटनांची जुनी सवय, तरुण पिढी आखातात आणि म्हातारी माणसं घरी, आणि १९९६च्या लोकयोजना मोहिमेनंतर पंचायतींच्या हातात आलेला पैसा. हे शेवटचं कारण निर्णायक ठरलं. एप्रिल २००८मध्ये केरळ सरकारने उपशामक सेवेचं, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचं, धोरण जाहीर केलं. असं धोरण करणारं ते देशातलं पहिलं राज्य. धोरणं आपल्याकडे पुष्कळ होतात, या धोरणात मात्र एक पद होतं. प्रत्येक पंचायतीने एक परिचारिका नेमायची, तिला तीन महिन्यांचं प्रशिक्षण द्यायचं, गाडीची सोय करायची, आणि तिने प्राथमिक आरोग्य केंद्राशी जोडून घेऊन घरोघर जायचं. आज केरळातल्या ९४१ ग्रामपंचायती आणि शहरांतल्या स्थानिक संस्था मिळून हे जाळं राज्यभर पसरलं आहे. सुरुवातीच्या खोलीत कर्करोगाचेच रुग्ण येत. आता सिस्टरच्या वहीत अर्धांगवायूने पडलेले, मूत्रपिंड निकामी झालेले, मणक्याला मार बसून खाटेला खिळलेले, आणि नुसते म्हातारे झालेले असे सगळे असतात. १५ जानेवारीला केरळात उपशामक सेवा दिन पाळतात. त्या दिवशी गावोगाव फेऱ्या निघतात, डबे फिरतात. बहुतेक ठिकाणी सिस्टर त्याही दिवशी कोणाच्या तरी घरी असते.

चांगलं सांगितलं, तसं उणंही सांगायला हवं. या पंचायत-सिस्टर मुख्यतः कंत्राटी आहेत. जबाबदारी कायम स्वरूपाची आणि नेमणूक तात्पुरती, हा आपला राष्ट्रीय रोग तिथेही आहे. रोज मरणाऱ्या माणसांबरोबर काम करणाऱ्या बाईला स्वतःला कोण विचारतं, या प्रश्नाचंही नीट उत्तर अजून तिथल्या व्यवस्थेने दिलेलं नाही.

संस्थेच्या वाढीचं उरलेलं थोडक्यात. २००३मध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ पॅलिएटिव्ह मेडिसिन’ उभी राहिली आणि प्रशिक्षणाला कायमचं घर मिळालं. त्याच वर्षी राजगोपाल यांनी तिरुवनंतपुरममध्ये ‘पॅलियम इंडिया’ स्थापन केली आणि केरळाबाहेरच्या राज्यांत प्रशिक्षण केंद्रं उभी करण्यावर भर दिला. सुरेश कुमार कोझिकोडमध्ये लोकसहभागाचं काम वाढवत राहिले. २०१०मध्ये कोझिकोडच्या संस्थेला लोकसहभागातून उपशामक सेवेसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगी केंद्राचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी ‘इकॉनॉमिस्ट’च्या अभ्यासगटाने ४० देशांची मृत्यूच्या गुणवत्तेबद्दल क्रमवारी लावली. भारत चाळिसावा आला, आणि त्याच अहवालात केरळचं उदाहरण आवर्जून दिलं होतं. राजगोपाल यांना २०१८मध्ये पद्मश्री मिळाली.

एका गोष्टीत मात्र कोझिकोड मागे राहिलं, आणि दोष संस्थेचा नाही, कायद्याचा आहे. १९९३मध्येच, म्हणजे ही खोली उघडली त्याच वर्षी, युगांडात डॉ. ॲन मेरिमन यांनी ‘हॉस्पिस आफ्रिका’ सुरू केलं. तिथे डॉक्टर इतके थोडे, की परिचारिकांना नऊ महिन्यांचं विशेष प्रशिक्षण देऊन मॉर्फिन लिहून द्यायचा अधिकार द्यावा, असं ठरलं, आणि २००४मध्ये तसा कायदा झाला. आपल्याकडे परिचारिका मॉर्फिनचा डोस मोजते, त्याचा परिणाम बघते, डॉक्टरला फोन करून सांगते की वाढवायला हवा. चिठ्ठीवर सही मात्र डॉक्टरचीच. डॉक्टर फोन उचलेपर्यंत रुग्णाने कळ काढायची. युगांडाने जे केलं ते आपल्याकडे चर्चेलाही येत नाही, हे मला चमत्कारिक वाटतं.

महाराष्ट्राचं काय? आपण या कामात नवखे नाही. भारतातलं पहिलं हॉस्पिस, ‘शांती आवेदना सदन’, १९८६मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झालं, म्हणजे कोझिकोडच्या सात वर्षं आधी. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७पासून विनामूल्य सेवा आणि प्रशिक्षण देतं आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०१२मध्ये या विषयाचं एमडी शिक्षण सुरू केलं. त्याच वर्षी राज्य सरकारने उपशामक सेवेचं धोरणही केलं, केरळानंतर आपलाच नंबर. २०२१पासून बीएस्सी नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमात हा विषय आहे. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा आठ आठवड्यांचा दूरशिक्षण अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करता येतो. आणि मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत मल्याळी सिस्टर पिढ्यान्‌पिढ्या आहेतच, त्यांच्याकडून गावाकडच्या पंचायत-सिस्टरची गोष्ट ऐकलेली नाही अशी मेट्रन विरळाच.

केरळचा साचा जसाच्या तसा इथे बसणार नाही, हेही खरं. तिथली पंचायत मोठी, २५-३० हजार वस्तीची. आपल्या ग्रामपंचायती २७ हजारांवर आणि कितीतरी हजारभर लोकसंख्येच्या, त्यांना परिचारिका नेमणं झेपणार नाही. पण आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र साधारण ३० हजार लोकांसाठी असतं, डोंगराळ आणि आदिवासी भागात २० हजारांसाठी. म्हणजे केरळच्या पंचायतीचं माप आपल्याकडे आरोग्य केंद्राला लागू पडतं. त्याखाली उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आले आहेत आणि त्यांच्या कामांच्या यादीत वृद्धांची काळजी आणि उपशामक सेवा लिहिलेलीही आहे. यादीत आहे, वहीत नाही. आशाताईंना गावात कोण खाटेला खिळलंय ते घरनिहाय ठाऊक असतं. माहिती आहे, यंत्रणा आहे, धोरण आहे. नाही ती फक्त या एका कामासाठी वेगळी ठेवलेली, शिकवलेली, गाडी दिलेली सिस्टर.

म्हणून ही स्मरणिका वाचणाऱ्या मेट्रन, अधीक्षक आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना एक विनंती. आपल्याकडच्या दोन परिचारिका, त्यातली एक तरी तिशीच्या आतली, दीड महिन्याच्या प्रशिक्षणाला पगारी पाठवा. जाणाऱ्या सिस्टरने मॉर्फिनच्या परवान्याची चौकशी आधी करून ठेवावी, कारण २०१४च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते आणि हे अजून अनेक रुग्णालयांना माहीतच नाही. आणि त्या दोघी शिकून परत आल्या की कृपा करून त्यांची बदली प्रसूती विभागात किंवा ऑपरेशन थिएटरमध्ये करू नका.